तळ्यापर्यंत नेणारा माणूस

(कामठा येथे मिशनचे कार्यकर्ते आणि सहायक मंडळी यांच्यासमोर केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला विषय दिला आहे, 'दीर्घ आजार असलेल्या वयोवृद्धांचे आरोग्य आणि समाधान'. मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत व टोल्यांवर समाजसेवेचे काम करते आहे. तेव्हा औषधांबद्दल मी जे बोलेन ते डॉक्टरांकडून आणि नर्सताईंकडून शिकलेले आहे. म्हाताऱ्या माणसांबद्दल जे बोलेन ते मात्र त्यांच्या खाटेशी बसून शिकलेले आहे.

आरंभीच एक कबुली देते. नऊ वर्षांपूर्वी सालेकसा तालुक्यातल्या एका टोलीवर आम्ही आरोग्य शिबिर घेतले. शाळेचा व्हरांडा, दोन डॉक्टर, बॅनर, चहा-बिस्किटे, सगळे व्यवस्थित. दिवसभरात दोनशेच्या वर माणसे तपासली. रांगेत एक गोंड आजी होती. साठी कधीच ओलांडलेली, तेंदूपत्ता, मोहफुले आणि धानाची रोवणी यांतच आयुष्य गेलेले. तिचा बीपी निघाला १९० वर ११०. डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिला. पंधरा दिवसांच्या पंधरा गोळ्या दिल्या, चिठ्ठी लिहून दिली. "संपल्या की आरोग्य केंद्रात जाजो, आजी," असे मी स्वतः सांगितले. ती हसली. तिचा तो हसरा फोटो त्या वर्षीच्या आमच्या अहवालात आला.

चार महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी त्या टोलीवर गेले. आजी खाटेवर होती. लकवा मारला होता. डावा हात आणि डावा पाय गेला होता. मला पाहून तिने नातीला चहा ठेवायला सांगितला आणि पत्र्याचा डबा आणायला लावला. डब्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, आमची चिठ्ठी आणि गोळ्यांची ती पट्टी होती. पट्टीत दोन गोळ्या शिल्लक होत्या.

मी विचारले, "आजी, ह्या का उरल्या?"

ती म्हणाली, "डोस्कं दुखलं का एक खाऊ, बाई. दुखत नाही त कायले खाऊ? संपल्या असत्या ना. ह्या दोन, जास्त दुखन त्या दिवसासाठी ठेवल्या."

बंधुभगिनींनो, ती आजी निष्काळजी नव्हती. उन्हाळ्यात वाळवलेली मोहफुले पावसाळ्यासाठी राखून ठेवणारी ती बाई. ज्या शहाणपणाने तिने संसार केला त्याच शहाणपणाने तिने गोळ्या राखून ठेवल्या. बीपी दुखत नाही, हे तिला कोणी समजावले नव्हते. न दुखणाऱ्या आजारावरही रोज गोळी घ्यावी लागते, हेही नाही. आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने, कोणीही परत येऊन तो डबा उघडून पाहिला नव्हता. तो 'कोणीही' म्हणजे मीच होते.

लकवा आपल्याकडे नवा नाही, पण तो किती मोठा आहे हे आपल्याला उशिरा कळले. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्याला वाटेल, तिथे मलेरियाने, सर्पदंशाने माणसे जात असतील. पण त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात निघाले. साधारण सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताचा. ज्याला आपण शहरी, खात्यापित्या लोकांचा आजार समजत होतो तो जंगलाच्या कडेला कधीच येऊन बसला होता. देशभराचे चित्रही तेच सांगते. २०१७-१८ मध्ये भारतभर ज्येष्ठांची मोठी सरकारी पाहणी झाली. साठीच्या पुढच्या दर चार माणसांपैकी तिघांना एक तरी दीर्घ आजार आहे, असे तिच्यात दिसले.

आपल्या भागात हे आजार एकटे येत नाहीत. आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेल्या बाईला दमा असतो. वर्षानुवर्षे रोवणीच्या चिखलात वाकून तिची कंबर आणि गुडघे गेलेले असतात. जोडीला खर्रा आणि गुडाखू. भाताबरोबर मिठाची चटणी किंवा खारवलेली सुकी मासोळी. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पांढरी गोळी कोणती आणि पिवळी कोणती हे दिसत नाही. घरात सांगणारे कोणी नाही, कारण रोवणी संपली की मुलगा-सून नागपूरला किंवा हैदराबादला कामाला जातात आणि आजी नातवंडांना घेऊन मागे राहते. अशा बाईला 'वेळेवर औषध घ्या' एवढे सांगून आपण निघून येतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठचा माणूस आहे. अडतीस वर्षे आजारी. आपण हा भाग अनेकदा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी आपले लक्ष तो उठून चालू लागला तिकडे जाते. त्या आजीच्या खाटेजवळून परत आल्यावर मी तो पुन्हा वाचला, तेव्हा मला त्याची तक्रार ऐकू आली. प्रभूने विचारले तेव्हा त्याने दुखण्याचे गाऱ्हाणे सांगितले नाही. त्याने सांगितले की आपल्याला तळ्यापर्यंत नेणारा कोणी नाही. तळे होते, औषध समोर होते, पण न्यायला माणूस नव्हता.

आज आपल्याकडेही तळे आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'खेड्यात काहीच मिळत नाही' असे आपण पटकन बोलतो. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि त्यासाठी आशाताई घरोघर जातात. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सत्तरीच्या पुढच्या सर्वांसाठी, गरीब असो वा श्रीमंत, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे. निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण लक्षात घ्या, ते पाच लाखांचे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. रोज सकाळी एक गोळी घ्यायला लावणारे कार्ड अजून कोणी काढलेले नाही. आणि पेन्शन असली तरी हयातीचा दाखला द्यायला कोणीतरी न्यावे लागते. आयुष्यभर धान कापून आणि विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले असतात. मशीन अंगठा घेत नाही, आणि म्हातारी बँकेच्या पायरीवरून रिकामी परत येते.

म्हणून मी आज एकच गोष्ट सांगायला उभी आहे. कायमच्या आजाराला एकदाच येणारा माणूस उपयोगाचा नाही. परत परत येणारा माणूस लागतो.

त्या लकव्यानंतर आम्ही काम बदलले. शिबिरे अगदी बंद केली नाहीत, पण ठरवले की जिथे महिन्याला परत जाता येणार नाही तिथे शिबिर घ्यायचे नाही. एक साधी वही केली. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचे एक पान. महिन्याला एकदा घरी जायचे, बीपी मोजायचा, आणि सगळ्यांत आधी गोळ्यांचा डबा पाहायला मागायचा. तोंडाने सगळे सांगतात, "घेतो ना बाई." डब्यातल्या गोळ्या मोजल्या की खरे कळते. गोळ्या जास्त उरल्या असतील तर रागवायचे नाही, कारण रागावले की पुढच्या महिन्यात डबा लपवला जातो. विचारायचे, कशाने राहिल्या? कोणी म्हणते चक्कर येते, कोणी म्हणते केंद्रावर गेलो त्या दिवशी गोळ्या नव्हत्या, कोणी म्हणते सून म्हणाली, बरे वाटते ना, मग कशाला.

एका विधवा आजीने सांगितलेले कारण मी विसरणार नाही. तिला शुगर होती. मुलगा बाहेरगावी, घरात तांदूळ कमी. नातवाला पुरावे म्हणून ती संध्याकाळची जेवत नव्हती, पण गोळी मात्र नेमाने घेत होती, कारण आम्ही तिला बजावले होते. शुगरच्या काही गोळ्या पोटात अन्न नसताना घेतल्या तर शुगर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. तिला तसे दोनदा झाले होते आणि तिला वाटत होते की अंगात काही शिरले. आम्ही तिला आरोग्य केंद्रात नेले, डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि असे होऊ लागले की लगेच गूळ किंवा साखर खायची हे नातवाला शिकवले. रेशनचे अडलेले कामही करून घेतले. वहीत फक्त 'गोळ्या बरोबर' अशी खूण केली असती तर हे कधीच कळले नसते. तिचे खरे दुखणे होते की ताटातला घास कमी होता आणि ते सांगायला कोणी नव्हते.

आता इथल्या, कामठ्याच्या परिसरातल्या एका आबाजींबद्दल सांगते. त्यांना वीस वर्षांपासून हत्तीपाय आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा. तो डासांमुळे पसरतो आणि त्याच्या प्रतिबंधाच्या गोळ्या घरोघर येऊन समोर खायला देतात, हे आपल्याला माहीत आहे. त्या गोळ्या आपण सर्वांनी खाव्यात. 'मला काय झाले' म्हणून परत पाठवू नये. पण ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांचे काय? आबाजींचा पाय जड झाला होता, बोटांच्या बेचक्यांत जखमा होत्या, वास येत असे. दर दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून ताप येई, पाय लालबुंद होई. त्यांनी लग्नकार्याला जाणे सोडले होते. पंगतीत शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला होता, एवढेच त्यांनी मला एकदा सांगितले.

त्यांच्यासाठी आम्ही कोणताही मोठा उपचार केला नाही. नर्सताईंनी दाखवले तसे रोज करायला शिकवले: एक टब, एक मग, साधा साबण, स्वच्छ पाणी. पाय हळू हाताने धुवायचा, प्रत्येक बोटाची बेचकी धुवायची, आणि मऊ कापडाने पूर्ण कोरडी करायची, कारण ओल राहिली की तिथूनच जंतू शिरतात. भेगांना मलम. बसताना पाय उंचावर. घराबाहेर अनवाणी नाही. पहिले काही दिवस पाय धुवायला मी होते. मग त्यांचा नातू शिकला, दहावीतला मुलगा. पायाचा आकार पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता. पण जखमा भरल्या, वास गेला, तापाच्या खेपा कमी झाल्या. मागच्या उन्हाळ्यात आबाजी पुतणीच्या लग्नात पंगतीला बसले. त्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवला, "ताईले सांगा, मी जेवलो."

आपण उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाय धुण्याचा प्रसंग वाचतो. त्या मुलाने तो रोज केला. त्याला मी यावर काही बोलले नाही, तुम्हाला बोलते.

आरोग्य म्हणजे आजार नसणे, असे धरले तर आबाजींना आणि त्या दोघी आज्यांना आरोग्य कधीच मिळणार नाही. त्यांचा आजार जाणारा नाही. पण पंगतीत बसणे, स्वतःच्या पायांनी बोडीपर्यंत जाणे, नातवाला गोष्ट सांगणे, संध्याकाळी पोटभर जेवणे, आपल्या दारावर कोणीतरी नाव घेऊन हाक मारणे, हे मिळू शकते. समाधान म्हणून मला विषयात जो शब्द दिला होता त्याचा अर्थ मी असा लावते.

हे शहाणपण आमचे नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केले. डॉक्टर गावात कधीतरी येतो, पण ती बाई गावातच राहते, हे त्यांनी ओळखले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अलीकडे, २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाबाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग आणि भंडारा होते. ज्याच्यातून १९९९ मध्ये आपला गोंदिया वेगळा झाला तोच भंडारा. त्यांची रीत साधी: डॉक्टरांनी ठरवलेली एकच औषधपद्धत, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचे कार्ड, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन किंवा त्याच्या घरी फेरी. चुकलेल्याला शोधायला जाणे. मेंढपाळाची ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता थोडे स्पष्ट बोलते, रागावू नका. आपल्या सहायकांना शिबिर आवडते. 'दोनशे रुग्णांची तपासणी' असे अहवालात लिहिता येते. एका आजीला वर्षात बारा वेळा भेटलो तर अहवालात आकडा एकच राहतो. फोटोही तोच, तीच खाट, तेच घर. मला कित्येकदा विचारतात, "ताई, यंदा नवीन काय?" यंदा नवीन काही नाही. यंदा तीच माणसे आहेत, आणि ती आहेत हीच बातमी आहे.

तेव्हा मंडळीकडे माझी मागणी अशी आहे.

पहिली, माणसांची. आपल्यातल्या एकाने पाच घरे घ्यावीत. आपल्याच गावातली, चालत जाण्याजोगी. महिन्याला एकदा जावे. डबा पाहावा, जेवण झाले का विचारावे, शुगर असेल तर तळपाय पाहावेत, चष्मा-काठी आहे का पाहावे, आणि अर्धा तास बसावे. गोळी बंद किंवा कमी-जास्त करायचा सल्ला आपण द्यायचा नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. आशाताईंच्या कामात आडवे यायचे नाही, त्यांना सांगून जायचे. आणि कोणाचा देव कोणता हे विचारायचे नाही. घरात पेनाची पूजा असो की विठोबाचा फोटो, आपण पाहुणे आहोत.

दुसरी, लक्षात ठेवायची. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळू लागले, तर तो लकवा समजावा. मालिश, झाडफूक, 'सकाळी पाहू' यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे. पहिले काही तास हातचे गेले की हात-पाय परत मिळणे कठीण होते. वृद्धांना छळ, एकटेपणा किंवा योजनांची अडचण असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी, पैशांची. यंदाच्या वर्गणीतून बॅनर आणि मंडप नको. बीपीची चांगली मशीन, तिचे सेल, हत्तीपायाच्या माणसांसाठी टब आणि साबण, आणि फेरीला जाणाऱ्यांचे गाडीभाडे, एवढ्यासाठी द्या.

ती आजी आजही आहे. डावा हात गेलेलाच आहे. पण नऊ वर्षांत तिला दुसरा झटका आला नाही. गोळ्यांचा तो पत्र्याचा डबा ती आता उशाशी ठेवते, आणि मी दारात दिसले की मी मागायच्या आधी उजव्या हाताने पुढे करते. मागच्या महिन्यात पावसामुळे मला चार दिवस उशीर झाला. तिने डबा पुढे केला नाही. म्हणाली, "मले वाटलं, तू बी शिबिरवाली झाली."

मी गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहा, आणि नावापुढे पाच घरे लिहा. देव आपणा सर्वांना परत परत जाण्याची शक्ती देवो. आमेन.